हिरवी ती पास, लाल ती थांबा

श्रीनाथराव वढावकरांच्या हाती कॉम्प्युटरातले सात रंग लागले तो शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे विजेचा दाब माणसात असतो आणि कासार आळीतल्या वढावकर मुद्रणालयाचा कॉम्प्युटर इतर दिवसांसारखा डोळे मिचकावत नाही. श्रीनाथराव शोधत होते दुसरंच काहीतरी, पण वरच्या पट्टीतला एक मेन्यू चुकून उघडला आणि त्यात सात रंगांचे सात चौकोन एकाखाली एक बसलेले दिसले. त्यांनी एका फाइलवर टिचकी मारून सहज नारंगी निवडला. फाइलचं चित्र नारंगी झालं. त्यांनी दुसरीला निळा लावला. ती निळी झाली. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीने काढून टाकलेला हा मॅक त्यांनी त्र्याण्णव साली आणला होता, त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत त्याने कधी इतकं ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"सुमती!" त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली. खाली छापखाना, वर घर. "अगं, खाली ये. आपल्या फायलींना रंग लागतात!"

सुमतीबाई कणकेचे हात घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी त्यांना नावं द्या की धड. परवा त्या रिक्षावाल्याची लग्नपत्रिका शोधताना तुम्ही तीन बारशी आणि एक तेरावं उघडलंत. बिचारा दचकून उभा राहिला."

सूचना बरोबर होती, म्हणूनच श्रीनाथरावांना ती आवडली नाही. त्यांच्या फायलींची नावं 'लग्न', 'लग्न कॉपी', 'लग्न कॉपी दोन' अशी थेट 'लग्न कॉपी एकोणीस'पर्यंत गेली होती, हे खरं. पण माणसाला रंग मिळाल्यावर नावांची गरज काय? रिझर्व्ह बँक नोटांना नावं देते का? रंग देते. हा मुद्दा त्यांना सुमतीबाई वर गेल्यावर सुचला, त्यामुळे तो त्यांनी कॉम्प्युटरलाच ऐकवला.

त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर रंगांचा तक्ता तयार होऊन भिंतीला लागला. खणांचा क्रम कंपनीकडून आला तसाच ठेवला होता, नावं मात्र श्रीनाथरावांची. दुसऱ्या खणातला लाल म्हणजे 'पास', गिऱ्हाइकाने मंजूर केलेलं, छापायला मोकळं. लालच का? तर कुंकू लाल, अक्षता लाल, पत्रिकेच्या कोपऱ्याला बोट लावतात ते लाल. सहाव्या खणातला हिरवा म्हणजे कच्चं फळ, म्हणून 'थांबा'. निळा म्हणजे जुनं, संपलेलं. तपकिरी म्हणजे बिलबुकं. बाकीचे तीन रंग पुढच्या प्रगतीसाठी राखून ठेवले. मग रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी अकराशे फायली रंगवल्या आणि घर सारवून झाल्यावर बाई जशी दारात उभी राहून बघते तसे ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले.

आता कुणाचा सल्ला घ्यायचा नाही असं ठरवायला श्रीनाथरावांची काही हरकत नव्हती, पण कासार आळीत सल्ला घ्यावा लागत नाही, तो येतो. पहिला आला दामूचा. दामू हा वढावकरांचा मशीनमन. दिघाशीहून सायकलने यायचा, बावीस वर्षं त्याच मशीनवर उभा होता, आणि मशीन त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. त्याने तक्ता खालून वर वाचला.

"मालक, निळा 'संपलेल्या'ला लावलाव?"

"हो. का रे?"

"न्हाय, आपलं इचारतंय. आमच्या दिघाशीत निळा लावल्याबिगर काय सुरूच व्हत न्हाय. तुमी तर सगला संपवूनच टाकलाव."

श्रीनाथराव वरमले. त्यांनी कबूल केलं की हा विचार आपल्या डोक्यात यायला हवा होता. निळा 'नवीन काम' झाला. मग बिलबुकं छापून घेणारे निजामपुऱ्याचे एक लूमवाले शेठ पडद्यात डोकावून म्हणाले, "वढावकरसाब, मेरी फाइल को ये मिट्टी का रंग क्यों दिया? धंदा वैसे ही मंदा है!" त्यांना नारंगी दिला. पण खरा घाव घातला तात्यांनी.

तात्या शेजारी राहत. ट्रॅफिक पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कल्याण नाक्यावर इतकी वर्षं उभं राहून काढली की बसल्या जागीसुद्धा ते बोलताना हात आडवा करून समोरच्याला थांबवत.

"श्रीनाथ, लाल म्हणजे पास?" तात्यांनी हात आडवा केला. "अरे, जगात लाल म्हणजे थांब आणि हिरवा म्हणजे जा. अंबाडीच्या टेम्पोवाल्यालासुद्धा कळतं, मानत नसला तरी. उद्या तुझ्या मागे कुणी हे मशीन चालवायला बसलं तर ॲक्सिडेंट होईल. केस उभी राहील."

श्रीनाथरावांनी कुंकवाचा मुद्दा मांडून पाहिला. तात्या म्हणाले, कुंकवावर वाहतूक चालत नाही. 'केस' हा शब्द मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात कसा उतरतो ते सांगायला नको. त्याच दुपारी श्रीनाथरावांनी रंग बदलायची खिडकी शोधून काढली, दुसऱ्या खणातल्या लालच्या जागी हिरवा भरला, सहाव्या खणातल्या हिरव्याच्या जागी लाल भरला. आणि काय चमत्कार! एकेक फाइल पुन्हा रंगवावी लागली नाही. सगळ्या लाल फायली आपोआप हिरव्या झाल्या, हिरव्या त्या लाल. क्षणात. तात्यांनी शिट्टी वाजवल्यासारखं तोंड केलं. श्रीनाथरावांनी तक्ता नव्याने लिहिला : हिरवी ती पास, लाल ती थांबा. फाइल हे कसं काय ओळखते, हा प्रश्न त्या घटकेला दोघांपैकी कुणालाही पडला नाही. मशीन शहाणं आहे, यावर दोघांचं एकमत झालं.

हे सगळं चाललं होतं ते साल सत्त्याण्णव, दिवाळी नुकतीच झालेली, आणि मार्गशीर्षात वढावकरांच्या मुलीचं, विद्युल्लतेचं, लग्न होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या घरचं लग्न. उभ्या गावाच्या पत्रिका ज्याने छापल्या त्याची स्वतःची पत्रिका कशी असणार, याकडे गावाचं लक्ष होतं, निदान श्रीनाथरावांना तसं वाटत होतं. पत्रिकेत अडचण एकच होती, आणि ती पन्नास पावलांवर राहत होती.

भाऊ म्हणजे श्रीनाथरावांचे थोरले बंधू वामनराव. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. लग्न केलं नाही. सकाळी शाळा, दुपारी छापखाना. कॉम्प्युटर यायच्या आधी वढावकर मुद्रणालयाच्या पत्रिका गावात ओळखू यायच्या त्या भाऊंच्या अक्षरामुळे. भाऊ टाकाने अक्षरं काढत, त्यांचा ब्लॉक होई, तो दामू छापी. वधूचं नाव असं काढत की मुलगी कशीही असो, नाव बघूनच सासरचे खूश व्हावेत. विद्युल्लता हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिच्या बारशाला पाटीवर ते काढायला त्यांनी दोन तास घेतले होते आणि तोवर पाळणा थांबला होता.

त्र्याण्णव साली कॉम्प्युटरची पूजा झाली. दहाबारा गिऱ्हाइकं जमली होती, भाऊ कोपऱ्यात बसून स्वागताचा फलक रंगवत होते, आणि श्रीनाथराव उत्साहाच्या भरात पेढ्याचा पुडा फिरवत म्हणाले, "आता हाताने अक्षरं काढायचे दिवस गेले!" लोक हसले. भाऊंनी ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला, खिशाला लावला आणि ते घरी गेले. फलकावर 'सुस्वा' एवढंच झालं होतं. त्यानंतर ते छापखान्याची पायरी चढले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण निदान मिटवता येतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. श्रीनाथरावांना आपण काय बोललो ते त्याच रात्री कळलं होतं, पण दुसऱ्या दिवशी जाऊ, मग चतुर्थीला जाऊ, मग दसऱ्याला जाऊ असं करता करता चार वर्षं गेली, आणि इतक्या दिवसांनी जायचं म्हणजे आता कारण लागतं.

"लग्न हे कारण नाही का?" सुमतीबाई विचारत. "पत्रिकेत वर भाऊंचं नाव घाला आणि जा घेऊन."

"आणि त्यांनी नाव काढायला सांगितलं तर? गावात हसं होईल. छापखानेवाल्याच्या पत्रिकेवर खाडाखोड!"

खरी भीती हसं होण्याची नव्हती. भाऊ काहीच बोलणार नाहीत, पत्रिका घेतील आणि दार लोटतील, ही भीती होती. पण ती काही बायकोला सांगता येत नाही.

लग्नासाठी सुहृद मंडळाचं सभागृह ठरवायचं होतं. मंडळाच्या कार्यालयात काळूराम नावाचे कारकून बसत. मोठा सज्जन माणूस, पण नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, आणि पाठ असलेली गोष्ट माणूस म्हणून दाखवतोच.

"सभागृह सभासदाच्या घरच्या कार्याला मिळतं," काळूराम म्हणाले. "तुम्ही सभासद न्हाय. भाऊमास्तर हायेत, आजीव. त्यांच्या नावावर अर्ज करा. निमंत्रक म्हणून वर त्यांचं नाव पायजे. आणि पत्रिकेची प्रत जोडा."

"पत्रिका अजून छापली नाही. सभागृह ठरल्याशिवाय कशी छापू?"

"पत्रिकेशिवाय सभागृह कसं ठरेल?"

श्रीनाथरावांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"मग नमुना करून आणतो, सभागृहाचं नाव घालून."

"आं! मंजुरीआधी सभागृहाचं नाव घालायचं न्हाय. नियम चौदा. ती जागा मोकळी सोडा."

म्हणून श्रीनाथरावांनी घरी येऊन पत्रिकेचा नमुना केला. निमंत्रक : श्री. वामन रघुनाथ वढावकर. खाली मजकूर. आणि शेवटी 'विवाहस्थळ :' लिहून पुढे दोन ओळींची मोकळी जागा. भावाचं नाव त्याला न विचारता वापरताना त्यांचा हात कचरला, पण हे केवळ कार्यालयासाठी आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एक प्रत काढून अर्जाला जोडली. आठवड्याने मंजुरी आली. मग त्या फाइलची कॉपी करून त्यांनी खरी पत्रिका केली : विवाहस्थळ भरलं, भाऊंचं नाव काढलं, आपलं घातलं. पहिल्या फाइलला 'थांबा' लावून लाल केलं, दुसरीला 'पास' लावून हिरवं. पहिलीचं नाव 'विद्यु', दुसरीचं 'विद्यु कॉपी'.

"नावं तरी नीट द्या हो," सुमतीबाई म्हणाल्या.

"रंग आहेत ना," श्रीनाथराव म्हणाले.

भाऊंचं नाव काढल्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि सुमतीबाईंनी विचारलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात न विचारण्याचे वीसेक प्रकार तयार होतात, त्यातला हा सगळ्यात जड.

पत्रिका ज्यावरून छापायची ती फिल्म कल्याणला निघायची. तिथे दौलत नावाचा एक हुशार पोरगेला ऑपरेटर होता, त्याच्याकडेही असाच मॅक. श्रीनाथरावांनी अख्खा फोल्डर फ्लॉपीवर घेतला, दामूबरोबर पाठवला, आणि पेणला व्याह्यांकडे बोलणी करायला निघण्याच्या घाईत फोन केला.

"काका, यात दोन फायली आहेत," दौलत म्हणाला.

"हिरवी काढ. लालला हात लावू नकोस."

"हिरवी ना? नक्की?"

"अरे, सिग्नल कधी पाहिलायस की नाही?" आणि आपल्या पद्धतीवर खूश होत श्रीनाथरावांनी फोन ठेवला.

पेणला दोन दिवस चांगले गेले. व्याही मिठागराचे, बोलायला गोड. तिसऱ्या दिवशी दुपारी वढावकर मंडळी परतली तेव्हा छापखान्यात साडेतीनशे पत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते आणि दामू दारात उभा होता. बावीस वर्षांत श्रीनाथरावांनी दामूचे इतके दात पाहिले नव्हते.

"मालक," दामू म्हणाला, "लय चांगला काम केलाव."

सुमतीबाईंनी वरची पत्रिका उचलली. वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाऊंचं नाव घातलंत!"

श्रीनाथरावांनी पत्रिका जवळजवळ हिसकावली. निमंत्रक : श्री. वामन रघुनाथ वढावकर. आणि खाली, 'विवाहस्थळ :' याच्यापुढे दोन ओळींचं स्वच्छ, सुंदर, पांढरं काहीच नाही. लग्न कुठे आहे हे वढावकरांच्या पत्रिकेवरून कुणालाही कळणार नव्हतं. साडेतीनशे कुटुंबांना मुहूर्त ठाऊक होणार होता, जेवण ठाऊक होणार होतं, फक्त जायचं कुठे ते कळणार नव्हतं.

ते फोनकडे धावले. "दौलत! लाल काढलीस तू! तुला लाल नको म्हणून सांगितलं होतं!"

"काका, आईशप्पथ हिरवी काढली."

"हिरवी म्हणजे कुठली? 'विद्यु कॉपी'?"

"नाही, ती लाल होती. 'विद्यु' हिरवी होती." मग दौलतच्या लक्षात आलं. "काका, तुमच्याकडे रंग बदललेत का? आमच्याकडे कंपनीकडून आले तसेच आहेत. फाइलबरोबर रंग जात नाही, काका. खणाचा नंबर जातो. ज्याच्या मशीनवर जाईल त्याच्या खणात जो रंग असेल तो तिला लागतो. तुमचा दोन नंबर हिरवा असेल, आमच्याकडे दोन नंबर लालच आहे. सहा नंबर हिरवा."

श्रीनाथराव खुर्चीत बसले. म्हणजे भिवंडीत जी पास ती कल्याणला थांबा, आणि भिवंडीत जी थांबा ती कल्याणला पास. आणि हे घडलं होतं कशामुळे, तर वाहतुकीच्या नियमांमुळे. तात्या एवढ्यात चाहूल लागून आलेच होते.

"ॲक्सिडेंट झाला का?" तात्यांनी विचारलं.

"झाला!" श्रीनाथराव कडाडले. मग दामूकडे वळले. "आणि तू रे? बावीस वर्षं पत्रिका छापतोयस. विवाहस्थळाची जागा रिकामी दिसली नाही तुला? मशीन थांबवता येत नव्हतं?"

दामूचे दात आत गेले. "दिसली की, मालक. मना वाटला, ती भाऊमास्तरांसाठी सोडलीय."

"म्हणजे?"

"म्हंजी त्यांच्या हाताच्या अक्षरासाठी. वर त्यांचा नाव, खाली त्यांच्यासाठी जागा. मी म्हनलं, मालकांनी किती इचार केला! कॉम्प्युटरनी सगला केला आन् जागा तेवढी मास्तरांची ठेवली. म्हनून तर पयली पत्रिका मी कालच त्यांना देऊन आलू."

श्रीनाथरावांनी हातातली पत्रिका टेबलावर ठेवली. निजामपुऱ्याकडून लूमची खटखट ऐकू येत होती.

"त्यांना दिलीस?" श्रीनाथरावांनी विचारलं. "काय म्हणाले?"

"काय न्हाय. वाचली. मना इचारलान्, शाई सुकंल ना या कागदावर?"

तात्यांना सल्ला द्यायला दहा सेकंदं पुरली. त्यांचं म्हणणं असं की दोन पट्ट्या छापाव्यात, एक भाऊंच्या नावावर चिकटवावी, एक रिकाम्या जागेवर, प्रश्न मिटला. श्रीनाथरावांना हे पटत चाललं होतं, हे सांगायला लाज वाटते, पण ते खरं आहे. त्यांनी खळीचा डबा कुठे आहे ते विचारलंसुद्धा. तेवढ्यात छापखान्याच्या तीन पायऱ्यांवर चपला वाजल्या. एक, मग जरा थांबून दोन, मग तीन.

भाऊ दारात उभे होते. स्वच्छ धोतर, कोट, काखेत लाकडी पेटी. त्या पेटीत टाक, निबं आणि शाईच्या बाटल्या असत हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांत ते थोडे वाकले होते. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही.

"कुठायत पत्रिका?" ते म्हणाले. "दामू म्हणाला, तू जागा सोडलीयस."

तात्यांनी तोंड उघडलं. सुमतीबाईंनी पेणहून आलेला रव्याचा लाडू त्यांच्या हातात नाही, सरळ तोंडात दिला. विद्युल्लता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. श्रीनाथरावांनी एवढंच म्हणायचं होतं, "हो, भाऊ." दोन शब्द. सगळं जग त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. पण समोर भाऊ होते, आणि लहानपणापासून त्यांना भाऊंसमोर खोटं बोलता आलं नव्हतं.

"ती जागा सोडली नव्हती, भाऊ," ते म्हणाले. "राहिली. चुकीची फाइल छापली गेली."

"अस्सं." भाऊंनी पेटी काखेतून काढली नाही. "आणि माझं नाव?"

"तेही चुकून."

दामू पुटपुटला, "म्हंजी जागा सोडलीच न्हवती?" आणि त्याने मशीनला हात टेकला.

भाऊंनी एकदा दाराकडे पाहिलं. श्रीनाथरावांना वाटलं, आता ते वळतील. ही तीच भीती होती, चार वर्षं टाळलेली, आणि ती आता त्यांच्याच छापखान्यात, त्यांच्याच मशीनने, साडेतीनशे प्रतींत त्यांच्यापुढे आणून उभी केली होती.

"काळूराम महिन्यापूर्वी माझ्याकडे आला होता," भाऊ म्हणाले. "सभागृहाचा अर्ज घेऊन. सभासदाची सही लागते म्हणाला. नियम सतरा. अर्जाला पत्रिका जोडली होती, निमंत्रक म्हणून वर माझं नाव. मी सही केली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिनाभर. मला वाटलं, पत्रिका छापून झाली की तू घेऊन येशील." त्यांनी दामूकडे पाहिलं. "आला हा."

श्रीनाथरावांच्या डोळ्यांपुढे 'विद्यु कॉपी' उभी राहिली. हिरवीगार, नीटनेटकी, एकही चूक नसलेली, भाऊंचं नाव नसलेली. दौलतने ती काढली असती, दामूने ती छापली असती, आणि सही करून महिनाभर वाट बघत बसलेल्या माणसाच्या हातात ती पडली असती. रडणं हे मालकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणून ते कॉम्प्युटरच्या मागची वायर घट्ट आहे का ते बघायला वाकले, आणि तिथेच बराच वेळ वायर बघत राहिले.

"भाऊ," ते वायरीकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं. हाताच्या अक्षराचे दिवस गेलेले नाहीत."

"ते मला साडेतीनशे रिकाम्या जागा बघून कळलं," भाऊ म्हणाले. "उठ आता. टीपकागद आण. आणि शाई कुणी ढवळायची? विद्यू, तू ये."

विद्युल्लतेने पत्रिकांचा पहिला गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

मग चार दिवस ते काम चाललं. भाऊ टाकाने विवाहस्थळ लिहीत, दोन ओळी, वर लहानसा कळस. श्रीनाथराव टीपकागद लावत. दामू मोजून गठ्ठे बांधी. तात्या रिकामी पत्रिका पुढे सरकवून भरलेली बाजूला घेण्याची वाहतूक सांभाळत, आणि ती खरंच एकदाही अडली नाही. एकाही पत्रिकेतलं अक्षर दुसरीसारखं नव्हतं. विसाव्या पत्रिकेनंतर काळूराम येऊन बघून गेले. "नियमात कुठं हाताने लिहू नये असं न्हाय," ते म्हणाले, आणि आपली पत्रिका जरा मोठ्या अक्षरात लिहून मागितली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटची पत्रिका झाली. सुमतीबाई कोपऱ्यांना हळदीकुंकू लावत बसल्या होत्या. भाऊंनी निब पुसलं आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे मान वळवली.

"यात ती कुठाय? आपली?"

श्रीनाथरावांनी दाखवली. 'विद्यु'. लाल.

"लाल का?"

"लाल म्हणजे थांबा."

"लग्नाची पत्रिका, आणि लाल म्हणजे थांबा?" चित्रकलेचे मास्तर जागे झाले. "अरे, कुंकू कुठल्या रंगाचं असतं?"

"मी आधी तेच केलं होतं, भाऊ! हे तात्यांनी..." श्रीनाथरावांनी वळून पाहिलं. तात्या एक पत्रिका फार बारकाईने वाचत होते.

श्रीनाथरावांनी रंगांची खिडकी उघडली. दुसऱ्या खणात पुन्हा लाल भरला, सहाव्यात पुन्हा हिरवा. अकराशे फायली क्षणात आपापले मूळ रंग ल्यायल्या, आणि भिवंडी आणि कल्याण पुन्हा एका मताचे झाले. मग त्यांनी 'विद्यु कॉपी' उचलली आणि कुणाला काही न सांगता कचऱ्याच्या डब्यात टाकली. राहिली एकटी 'विद्यु'. तिला त्यांनी 'पास' लावलं. ती लाल झाली.

"हं," भाऊ म्हणाले. "आता नाव नीट दे तिला."

श्रीनाथरावांनी कळफलक पुढे ओढला. पण मशीन मराठी नाव घेत नव्हतं, रोमन अक्षरांत ते बरं दिसत नव्हतं, आणि काय लिहावं ते त्यांना सुचतही नव्हतं. सुमतीबाई तबक घेऊन मागून चालल्या होत्या. जाता जाता त्यांनी त्या फाइलच्या शेजारी, पडद्याच्या काचेवरच, कुंकवाचं एक बोट टेकवलं.

पुढे कितीतरी दिवस श्रीनाथराव रोज सकाळी पडदा पुसत. तेवढी जागा सोडून.